खिंडीच्या उतारावरचा दणका

"शेठ, ही गाडी पोराच्या हातात गप गुमान चालती आन् माझ्या हातात दणका देती. सगळी म्हनत्यात मलाच चालवता येत न्हाई."

माझ्या गॅरेजात आलेल्या काकांची तक्रार एवढीच होती. आयुष्यभर मालट्रक चालवलेला माणूस. सातारा ते वाशी मार्केट, रात्रीची खेप, खंबाटकीचा जुना घाट. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने हौसेने जुनी घेतलेली २३० हॉर्सपॉवरची पेट्रोल टर्बो सेडान आठवडाभर साताऱ्यात काकांकडे असते, शनिवार-रविवारी तो चालवतो. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या दोन क्लचचा. आधीच्या वर्कशॉपने स्कॅनर लावला, एकही फॉल्ट कोड नाही, आणि तरीही अख्खं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा गिअरबॉक्सचा मेंदू, बदला म्हणून लाखांतलं कोटेशन हातात दिलं. कोड नसताना लाखाचा पार्ट सुचवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ते निदान नव्हे, गिऱ्हाइकाच्या पैशाने लावलेला अंदाज आहे.

गिअरबॉक्सचं तेल मात्र खरोखर बदलायला आलं होतं. ते साठ हजार किलोमीटरला बदलायचं असतं, गाडी त्यापुढे गेली होती. हे काम इंजिन ऑइलसारखं नाही, आणि बाहेर ते हमखास बिघडवून ठेवतात. खालचा बोल्ट काढला की थोडंच तेल येतं, कारण त्या भोकात प्लास्टिकची एक नळी उभी असते. ती काढल्यावर खरं तेल उतरतं. नवं तेल भरायचं ते इंजिन चालू ठेवून, नळी परत बसवून. तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंशांत असताना नळीच्या तोंडावरून जास्तीचं तेल ओघळून जाऊ द्यायचं. थेंब थेंब पडायला लागलं की लेव्हल बरोबर. तापमान न बघता मोजून डबे ओतणारे लोक याच पायरीवर चुकतात. जुना फिल्टर मी कापून बघितला. घड्यांमध्ये काळसर गाळ होता, धातूचे चमकते तुकडे नव्हते.

नंतर मी स्वतः गाडी यवतेश्वरला नेऊन आणली. चढ, उतार, हातात गिअर घेऊन, डीमध्ये (गिअर गाडीनेच बदलायचे) सोडून. लोण्यासारखी चालली. काकांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, "दणका हायच."

तेव्हा मी स्टेअरिंग त्यांच्याकडे दिलं आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसलो. मेकॅनिक स्वतः गाडी फिरवून आणतो आणि 'काही सापडलं नाही' असं लिहितो, ही आमच्या धंद्यातली मोठी खोड. दणका ज्याच्या हातात बसतो त्याच्या हातापायांकडे बघायला हवं. जॉब कार्डवर गाडीचा नंबर, किलोमीटर, पेट्रोलचा काटा या सगळ्याला रकाना असतो. गाडी कोण चालवतं, यासाठी नसतो.

आनेवाडी टोलनाक्याच्या अलीकडून वळून साताऱ्याकडे निघालो. काकांचं चालवणं बघत राहावं असं. ब्रेकला पाय फार लागत नाही, दोन ट्रक पुढची हालचाल त्यांना आधीच दिसते. लिंब खिंड ओलांडली, उतार लागला, आणि त्यांचा डावा हात सहज दांड्यावर जाऊन गाडी न्यूट्रल झाली. उभ्या गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय न्यूट्रलमधून दांडा सुटत नाही, पण चालत्या गाडीत ते कुलूप नसतं, त्यामुळे गाडी त्यांना अडवत नव्हती. उतार संपता संपता त्यांनी ॲक्सिलरेटरला हलका ठोका दिला, इंजिन उठवलं आणि दांडा डीमध्ये टाकला.

दणका बसला. लाइव्ह डेटाच्या आलेखावर तो उभ्या सुळक्यासारखा दिसला.

ट्रकवर हे अगदी बरोबर आहे. न्यूट्रलमधून गिअर घेताना इंजिनचे फेरे चाकांच्या वेगाशी जुळवून घ्यायचे, म्हणजे दातांवर घाव बसत नाही. चांगल्या ड्रायव्हरची ही ओळख. या गाडीला मात्र तो ठोका वेगळा ऐकू येतो. दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये एकावर एक, तीन, पाच आणि रिव्हर्स, दुसऱ्यावर दोन, चार, सहा. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच लावून ठेवलेला असतो, म्हणून बदल क्षणात होतो. पोर्शने हीच कल्पना १९८०च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत वापरली, ती चाकांकडे जाणारी ताकद क्षणभरही तुटू नये म्हणून. ॲक्सिलरेटर दाबून डीमध्ये टाकलं की गिअरबॉक्स समजतो, मालकाला आत्ताच्या आत्ता पळायचंय. तो खालचा गिअर निवडतो आणि क्लच जोरात आवळतो. काकांना दणका टाळायचा होता, आणि त्यांच्या त्याच काळजीने तो बसत होता. त्यांच्याइतकं सफाईदार न चालवणाऱ्याला तो कमी बसला असता. मुलगा दांड्याला हातच लावत नाही, म्हणून त्याला काहीच जाणवत नाही.

मी विचारलं, न्यूट्रल कशासाठी काका?

"तेल वाचतंय की. खड्या घाटात कधीच न्हाई केलं, बिरेक जात्यात. पर असल्या सपाट उतारावर इंजान कशाला जाळायचं?"

सांगून पटणारा माणूस नव्हता, आणि का पटावं? म्हणून परत खिंडीवर जाऊन आकडे दाखवले. उतारावर गिअरमध्ये पाय काढला की पेट्रोलचा आकडा थेट शून्य. चाकंच इंजिन फिरवत असतात, इंजेक्टर बंद. न्यूट्रल केलं की तासाला पाऊण लिटरच्या आसपास, कारण इंजिनला आता स्वतःच्या बळावर चालू राहायचं असतं. काकांनी गाडी कडेला घेतली आणि स्क्रीन आपल्याकडे वळवली.

"मंग ट्रकला बी असंच हुतं?"

मी खरं ते सांगितलं. पाय काढल्यावर गिअरमध्ये ट्रकचा पंपही डिझेल तोडतो. पण हलक्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी लांबवर घरंगळते, गिअरमध्ये इंजिन तिला ओढून धरतं, म्हणून तिथे थोडं वाचलंही असेल. काका म्हणाले, मालक खेपेमागं वाचलेल्या डिझेलचे पैसे द्यायचा, पोरांच्या फिया त्यातून भरल्या. चालवता येत नाही असं या माणसाला ज्या कोणी तोंडावर सांगितलं, त्याला शेजारी बसायला अर्धा तास मिळाला नव्हता.

आता मुलगा विचारतोय, गाडी विकू का? एवढे महिने खाल्लेल्या दणक्यांनी क्लचच्या चकत्या किती झिजल्या, हे गिअरबॉक्स उघडल्याशिवाय ठाम सांगता येणार नाही, आणि कोड नसताना, क्लच घसरत नसताना तो उघडायला मी तयार नाही. ॲडॅप्टेशनचे, म्हणजे गिअरबॉक्स क्लचच्या झिजेशी स्वतःला किती जुळवून घेतो त्याचे, आकडे मर्यादेत आहेत, ते मी लिहून ठेवलेत. क्लचवरून उडणाऱ्या तेलाचं तापमान मोजायला या गिअरबॉक्समध्ये वेगळा सेन्सर असतो. कासच्या रस्त्यावर सीझनच्या गर्दीत काका चढाला गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरतात का, ते त्यावर बघायचं राहिलंय. ट्रकवर क्लच अर्धवट सोडून गाडी धरतात, तो हाफ क्लचच हा, दुसऱ्या रूपातला. मुलाला मी म्हटलं, विकू नका, आणि पुढच्या वेळी गाडी काकांनाच घेऊन येऊ द्या.