ताण तुटला

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. नागपुरात तोवर दुपारचं ऊन बोचायला लागलेलं असतं आणि माझा लेखनाचा तास नेमका साडेबाराचा. दोन क्रेडिटचा कोर्स, म्हणजे सत्रभरात तीस तास. कला, वाणिज्य, विज्ञान अशा सगळ्या शाखांची मिळून तीसेक मुलं. बहुतेकांनी बारावीपर्यंत पाठ केलेले निबंधच लिहिलेले. स्वतःच्या घराबद्दल कुणी लिहायला सांगतं, याचंच त्यांना पहिल्या महिन्यात नवल वाटायचं.

त्या दिवशी दुसऱ्या खर्ड्याचं वाचन होतं. पहिला खर्डा मी तपासून परत करायचा, विद्यार्थ्यानं तो सुधारून पुन्हा लिहायचा आणि वर्गापुढे वाचायचा, अशी आमची पद्धत. विषय दिला होता, ‘घरातली एक रात्र’.

काटोलकडच्या एका गावातून रोज रेल्वेनं अप-डाऊन करणारी एक मुलगी वाचायला उभी राहिली. अक्षर नीटस, स्वभाव अबोल. तिनं वाचलं, “जानेवारी महिन्यातील एका रात्री निसर्गाचा प्रकोप झाला. अवकाळी पावसाने आमच्या संत्राबागेचे अतोनात नुकसान झाले. माझे वडील अत्यंत चिंताग्रस्त झाले.” पानभर असंच. एकही चूक नव्हती. मुलं शांतपणे ऐकत होती, म्हणजे खरं तर ऐकत नव्हती.

मी “छान सुधारणा केलीस” म्हणणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून नरखेडचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, एक विचारू का? पावसानं नुकसान कसं झालं? गारपीट झाली काय?”

“नाई,” ती म्हणाली. “पाऊस बी काही जास्त नव्हता.”

“मंग?”

“ताण तुटला ना.”

“हां. मंग बरोबर.” आणि तो खाली बसला.

तीस जणांच्या वर्गात त्या दोघांना सगळं कळलं होतं. बाकी आम्हाला काहीच नाही. पण ‘ताण तुटला’ हे दोन शब्द मी कुठंतरी पाहिले होते. कुठं, तेही लगेच आठवलं. मी तिच्याकडून पहिला खर्डा मागितला.

त्यात असं होतं : “अकरा वाजता पत्र्यावर पाणी वाजलं. बाबा उठून बाहेर गेले. ताण तुटला म्हणाले अन् तिथंच उभे राहिले. आईनं दोनदा आवाज दिला, आत आलेच नाही.”

‘ताण तुटला’खाली माझी लाल रेघ होती. समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं, “ताण सुटतो किंवा कमी होतो. वाक्प्रचार तपासा.” पुढं ‘आंबिया बहार’ या संत्र्याच्या एका फुलोऱ्याच्या नावातल्या ‘बहार’चा मी ‘बहर’ केला होता. मुलीनं सांगितल्याप्रमाणे तपासलं. शब्दकोशात तिला हवं ते मिळालं नाही, तेव्हा तिनं ते वाक्यच काढून टाकलं. आणि ते वाक्य गेल्यावर पत्र्यावरचं पाणी, आईच्या हाका, अंधारात उभा असलेला बाप, सगळंच गेलं. उरला तो निसर्गाचा प्रकोप.

मी वही तशीच हातात धरून तिला म्हटलं, “ताण म्हणजे काय, ते मला सांग. मला माहीत नाही.”

तिनं आधी त्या मुलाकडं पाहिलं. मग दोघांनी मिळून सांगितलं. संत्र्याच्या झाडाला फूल यावं म्हणून त्याचं पाणी मुद्दाम बंद करतात, त्याला ताण देणं म्हणतात. आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडायचं. झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात, फिकी पडून थोडी गळतात, आणि वाढीत खर्ची पडणारं अन्न फांद्यांत साठून राहतं. हलक्या जमिनीत ताणाचे दिवस कमी, भारी काळ्या जमिनीत जास्त. किती दिवस, हे कास्तकार पानाकडं बघून ठरवतो. जास्त ताणलं तर झाड खचतं, कमी ताणलं तर फूल नाही. मग पाणी देऊन ताण तोडायचा. तेही एकदम नाही, पहिलं हलकं, आंबवणीचं. नीट जमलं की झाड पांढरं होतं, आणि त्याचंच फळ नोव्हेंबर-डिसेंबरात हाती येतं.

“मॅडम, ताण सुटत नाई,” नरखेडचा मुलगा म्हणाला. “तोडा लागते. नाई तर आभाळ तोडते.”

तिच्या बाबांच्या हिशेबानं अजून आठ-दहा दिवस हवे होते. त्याआधीच आभाळानं तोडला. अशा वेळी फूल विस्कळीत येतं, झाड नव्या पालवीवर जातं. नवती म्हणतात तिला. बघणाऱ्याला बाग हिरवीगार दिसते, आणि त्या हिरवेपणातच वर्षाची कमाई गेलेली असते. ‘अतोनात नुकसान’ या शब्दांत यातलं काही म्हणजे काहीच नव्हतं.

मी याच शहरात जन्मले, वाढले. ज्याला सगळे संत्रानगरी म्हणतात, ते हे शहर. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या फाटकावरून मी वर्षानुवर्षं गेले आहे. संत्र्याला फूल कसं येतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. पण त्या दिवशी मनाला लागलं ते न कळणं नव्हे. शहरातल्या बाईला बागेतला शब्द ठाऊक नसणं समजू शकतं. जे कळलं नाही, ते चूक ठरवून मी लाल शाई वापरली, ते लागलं. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम मी पहिल्याच आठवड्यात शिकवते. ते ऱ्हस्व-दीर्घाचे, अनुस्वाराचे नियम आहेत. बागेत कोणता शब्द बोलावा, हे त्यांत कुठंच लिहिलेलं नाही. ते मी माझ्या मनानं घातलं होतं.

मी वर्गापुढं तिला म्हटलं, “तुझं बरोबर होतं. माझी दुरुस्ती चूक होती.” वर्ग एकदम गप्प झाला. मग शहरातल्या इतवारीत राहणाऱ्या एका मुलीनं विचारलं, “पण मग घरच्यांना झाडाची तहान बघवते कशी?”

या एका प्रश्नानं जे काढलं, ते माझ्या लाल शाईनं कधीच काढलं नसतं. काटोलकडची ती मुलगी म्हणाली, “लहान्या भावाला नाई बघवत.” भाऊ दुसरीत. मोटर सुरू करा म्हणून तो रोज बाबांच्या मागं लागायचा. बाबा ऐकत नाहीत म्हटल्यावर कुंपणाजवळच्या एका झाडाला तो शाळेतून आला की आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी घालायचा. बाबांनी पाहिलं होतं. बोलले नव्हते काही.

हे दोन्ही खर्ड्यांत नव्हतं. “हे का नाही लिहिलंस?” मी विचारलं. “हे लिहिण्यासारखं असते, असं वाटलंच नाई,” ती म्हणाली.

उरलेला वेळ आम्ही एकाच गोष्टीवर घालवला. ज्याला ताण माहीत नाही, त्या वाचकाला तो कळावा कसा? एकानं सुचवलं, कंसात अर्थ द्यावा. दुसरा म्हणाला, सुरुवातीलाच परिच्छेदभर माहिती द्यावी. मी दोन्ही फळ्यावर लिहून वर्गाला मोठ्यानं वाचायला लावलं. कंस आला की रात्र थांबायची आणि शेतीचा धडा सुरू व्हायचा, हे मुलांना वाचतानाच जाणवलं. ती बराच वेळ फळ्याकडं बघत होती. मग म्हणाली, “भावालेच विचारू द्या ना. त्याले बी कळत नाई, वाचणाऱ्याले बी नाई.”

इतकी वर्षं शिकवते आहे, पण लिहिणाऱ्याला आपला वाचक सापडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा समोर पाहिलं. घर सोडून तो वाचक बाहेर कुठं शोधावा लागला नाही. बाटली हातात घेऊन तो कुंपणाशी उभा होता.

तिसरा खर्डा आठवड्यानं आला. चार पानांचा. तो भावाच्या प्रश्नापासूनच सुरू होत होता. वडिलांचे ‘बाबा’ झाले होते, आई दोनदा हाक मारत होती, आणि ‘ताण तुटला’ येईपर्यंत त्या दोन शब्दांचं वजन कुणालाही कळावं, इतकी तयारी आधीच झालेली होती. मधला एक परिच्छेद अजून सैल होता, बाजारभावाचा. तो मी तिला घट्ट करायला सांगितला. शेवट मात्र अचानक थांबत होता. बाबा सकाळी एकेक फांदी वाकवून फूल बघताहेत, इतकंच.

मी आता पेन्सिल वापरते आणि समासात फक्त प्रश्न लिहिते. तिथं लिहिलं, “मग फळ किती आलं?”

वही परत आली, तेव्हा प्रश्नाखाली तिनं बारीक अक्षरात उत्तर लिहिलं होतं, “मॅडम, आता तं मार्च लागला. फळ नोव्हेंबरात.”