सांताक्रूझचा पाऊस खणात मावेना

पावसाच्या आकड्यांचे दहा खण पाडायचे होते, शून्यापासून त्या-त्या हवामान केंद्राच्या कमाल पावसापर्यंत. कुठला आकडा कुठल्या खणात हे ठरवायला नमपायचं (पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली आकडेमोडीची लायब्ररी) डिजिटाइझ हे फंक्शन. पण ते खालची कड खणात धरतं, वरची धरत नाही. म्हणून नेमका सगळ्यात मोठा आकडा अकराव्या, म्हणजे नसलेल्याच खणात जाऊन पडायचा.

म्हटलं, वरच्या कडेत ०.००००१ मिळवू, झालं. तपासायला २६ जुलै २००५ चे आकडे घेतले: कुलाबा ७३.४ मिमी, सांताक्रूझ ९४४.२. (ते शोधावे लागत नाहीत. त्या रात्री आम्ही कुर्ल्यात मामाच्या माळ्यावर बसून होतो.) कुलाबा खणात बसलं, सांताक्रूझ ढिम्म हललं नाही.

अर्धा दिवस मी लूपमध्ये चूक शोधत बसलो. चूक तिथे नव्हतीच. अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांची रांग, फ्लोट३२ ची होती (दशांश संख्या ३२ बिटांत साठवायचा प्रकार), आणि त्यात दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं. दोनाचा प्रत्येक घात ओलांडला की ते दुप्पट होतं. हे अंतर सांगणारं नमपायचं स्पेसिंग लावून पाहिलं: ७३.४ पाशी अंतर ०.०००००७६, ९४४.२ पाशी ०.००००६१. माझी भर तिथे अर्ध्या पावलाचीही नव्हती, म्हणून बेरीज गोल होऊन जागच्या जागी.

मग नमपायचंच नेक्स्टआफ्टर सापडलं. संख्या द्या, दिशा द्या, त्या दिशेची अगदी लगतची संख्या मिळते. अख्ख्या अ‍ॅरेला एकाच हाकेत. दिशेसाठी मी अनंताने भरलेला दुसरा अ‍ॅरे केला, चालवलं आणि आता कुलाबाही हलेना!

हा घोळ मात्र माझाच. फुलने (एकाच संख्येने भरलेला अ‍ॅरे करणारं फंक्शन) केलेला तो अ‍ॅरे न सांगता फ्लोट६४, म्हणजे दुप्पट बिटांचा, झाला होता. दोन्ही एकत्र आले की हिशोब फ्लोट६४ मध्ये होतो, पाऊल तिथलं, अतिसूक्ष्म पडतं. आणि उत्तर परत फ्लोट३२ च्या कडांमध्ये ठेवलं की ते गोल होऊन मूळ संख्येवर येतं. फुलच्या जागी दिलेल्या अ‍ॅरेचाच प्रकार घेणारं फुल_लाइक लिहिलं, प्रकार जुळला, दोन्ही केंद्रं खणात.

शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी स्क्रीनवर ९४४.२००१ पाहिलं. "अरे, पाऊस वाढवलास की!" वाढ ०.००००६ चीच होती. ती संख्या ओळखू यायला पुरतील तेवढेच अंक नमपाय छापतं, हे त्यांना समजावेपर्यंत चहा गार झाला.