डिव्हांच्या गर्दीत अडकलेली अक्षरपट्टी : माझा अनुभव

आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी मी गेल्या पावसाळ्यात वेबपेजवर चढवली. ४ हजारांच्या आसपास पुस्तकं, वर्णानुक्रमे लावलेली, आणि वर 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत अक्षरपट्टी. अक्षरावर बोट ठेवलं की पान त्या अक्षराच्या पुस्तकांपाशी जावं आणि कितीही खाली गेलं तरी पट्टी डोळ्यांसमोर राहावी, एवढीच अपेक्षा. त्यासाठी 'पोझिशन: स्टिकी' आणि 'टॉप: ०' लिहिलं, म्हणजे पान सरकलं तरी पट्टी वरच्या कडेला चिकटून राहावी. तरी पान सरकवलं की पट्टी सरळ वर निघून जायची. लॅपटॉपवर तसंच, मोबाइलवरही तसंच.

दोन संध्याकाळी मी पट्टीच्याच सीएसएसमध्ये, म्हणजे दिसण्या-मांडणीच्या नियमांमध्ये, खटपट करत होतो. तिसऱ्या दिवशी ब्राउझरचा इन्स्पेक्टर, म्हणजे पानाची आतली रचना दाखवणारी खिडकी, उघडला आणि पट्टीपासून एकेक पायरी वर चढत प्रत्येक बाहेरच्या डिव्हचे (पानाचे भाग ज्यात ठेवतात त्या साध्या चौकटीचे) नियम वाचत गेलो. चौथ्या डिव्हवर ओळ सापडली: 'ओव्हरफ्लो-एक्स: हिडन', म्हणजे आडवं बाहेर जाईल ते लपव. स्टिकी घटक चिकटतो तो आपल्या सगळ्यात जवळच्या स्क्रोल होणाऱ्या कंटेनरला. आणि आडव्या दिशेला हिडन लिहिलं की उभी दिशा आपोआप 'ऑटो' (गरज पडली तर सरकणारी) होते, म्हणजे तो डिव्ह स्वतःच स्क्रोल कंटेनर ठरतो. त्याची उंची मात्र आतल्या मजकुराएवढीच होती, त्यामुळे तो कधी सरकलाच नाही. सरकत होतं ते अख्खं पान, आणि पट्टी आपल्या डिव्हबरोबर निघून जात होती.

ती ओळ मीच लिहिली होती. मोबाइलवर पान आडवं हलायचं, ते थांबवायला. मग ते हलत का होतं, हे शोधणं आलं. डावीकडे बाजूची यादी, उजवीकडे पुस्तकांचा तक्ता, दोन्ही एका फ्लेक्स डिव्हमध्ये, म्हणजे आतले घटक शेजारी-शेजारी मांडणाऱ्या चौकटीत. फ्लेक्समधल्या घटकाची किमान रुंदी मुळात 'ऑटो' असते. आतला मजकूर जितका आक्रसू शकतो, त्याहून तो घटक लहान व्हायला तयार होत नाही. पाच रकान्यांचा तक्ता तिथेच अडून बसला होता. त्या घटकाला 'मिन-विड्थ: ०' दिलं, तक्त्याभोवती एक स्वतंत्र डिव्ह घालून त्यालाच 'ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो' दिलं, आणि बाहेरची हिडनची ओळ पुसून टाकली. आडवा सरकतो तो आता फक्त तक्ता. पट्टी त्या डिव्हच्या बाहेर असल्यामुळे जागेवर राहिली. अक्षरावर गेल्यावर शीर्षक पट्टीखाली झाकलं जायचं, ते 'स्क्रोल-मार्जिन-टॉप'ने सुटलं.

काम झालं असं मला वाटलं होतं. पण आमच्या वाचनालयात एक निवृत्त गुरुजी येतात. त्यांची दृष्टी गेली आहे, ते एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतात. त्यांनी माझं पान उघडलं आणि 'डी' दाबलं. त्या कळीने पानाच्या मुख्य भागांवर उडी मारता येते. माझ्या पानावर एकही भाग सापडला नाही. "अरे, यात आत शिरायचं कुठून?" त्यांनी विचारलं. मग टॅब दाबत पुढे गेले. 'मागणी नोंदवा' कुठे आलंच नाही, कारण ते बटण नव्हतं. क्लिक लावलेला डिव्ह होता. माउस नसेल त्याला तिथे पोचायचा रस्ताच मी ठेवला नव्हता. हे मला फार लागलं. ज्यांनी आम्हाला वाचायला शिकवलं, त्यांनाच यादी वाचता येत नव्हती.

त्या रात्री सगळं उकलून पुन्हा बांधलं. डिव्हऐवजी अर्थ सांगणारे घटक घेतले: वरच्या भागाला हेडर, अक्षरपट्टीला नॅव्ह, यादीला मेन. प्रत्येक अक्षराला एच-टू, म्हणजे दुसऱ्या पातळीचं शीर्षक. डिव्ह राहिले ते फक्त मांडणीपुरते, कारण डिव्हला स्वतःचा अर्थ नसतो. दिसण्यात काडीचाही फरक पडला नाही. मागणीचा डिव्ह जाऊन खरं बटण आलं, आणि उघडणारी खिडकीही आधी डिव्हचीच होती, तिथे डायलॉग हा घटक घेतला. २०२२ पासून तो सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतो. 'शोमोडल' या आज्ञेने उघडला की मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केपने खिडकी बंद होते आणि फोकस, म्हणजे कीबोर्डची चालू जागा, परत त्याच बटणावर येतो. यातलं काहीही मला वेगळं लिहावं लागलं नाही.

शनिवारी गुरुजी पुन्हा बसले. 'डी' दाबत मेनपर्यंत आले, मग '२' (दुसऱ्या पातळीच्या पुढच्या शीर्षकावर नेणारी कळ) दाबत एकेक अक्षर ऐकत 'म'पर्यंत. तक्त्यातल्या तीन ओळी ऐकल्या, बटणावर एंटर दाबलं, नाव लिहिलं, मागणी पाठवली. मी शेजारी हात बांधून उभा होतो, एकदाही मध्ये बोललो नाही.

"झालं," ते म्हणाले. "आता मासिकांचीही यादी अशीच लाव."