फ्रान्सच्या गॅसला वास असतो

बाबा शनिवारी त्यांच्या चहाच्या वेळेला फोन करतात. तेव्हा इथे जर्मनीत आमचं जेवण व्हायचं असतं, त्यामुळे मी एका हातात पळी घेऊनच बोलते. २०२२ च्या ऑक्टोबरातल्या अशाच एका फोनवर मी त्यांना बातमी दिली, की फ्रान्सनं जर्मनीला गॅस द्यायला सुरुवात केली, आणि तोही आमच्या घरापासून पंचवीसेक किलोमीटरवरून.

"पाइप आहे का तिथे?" बाबा.

"आहे की. इतकी वर्षं इकडून तिकडे जात होता गॅस, आता तिकडून इकडे."

"बरं. आणि वासाचं काय केलं?"

मला वाटलं लाइन खराब आहे. मी पुन्हा विचारलं.

"अगं, वास. फ्रान्समध्ये गॅसला वास कुठे घालतात ते बघ. मला शंका आहे."

बाबांची नोकरी अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात गेली, अमोनियाच्या प्लांटवर. मुंबई हायचा गॅस उरणला यायचा आणि तिथून पाइपनं थळला. आमच्या घरात गॅस या शब्दाचे दोन अर्थ होते. आईचा गॅस म्हणजे सिलिंडर, बाबांचा गॅस म्हणजे प्रेशर. रात्रपाळीहून आले की "आज प्रेशर पडलं होतं" एवढंच सांगून झोपायचे. मी फ्रान्सच्या सीमेलगतच्या सारब्रुकेनला आले त्याला आता नऊ वर्षं झाली, पण युरोपचं गॅस संकट मला कळलं ते बाबांकडूनच, फोनवर, हप्त्याहप्त्यानं.

तर वास. नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून गंधकाचं एखादं संयुग त्यात मुद्दाम मिसळतात. सिलिंडरमधल्या गॅसचंही तसंच. जर्मनीत हा वास शेवटच्या टप्प्यावर घालतात, म्हणजे गॅस गावातल्या छोट्या नळ्यांमध्ये शिरताना. मोठ्या पाइपांमधून धावणारा गॅस बिनवासाचा. फ्रान्सनं उलटं ठेवलंय. तिथे गॅस देशाच्या मोठ्या जाळ्यात शिरतो तेव्हाच वास घालतात, त्यामुळे त्यांच्या मोठ्या पाइपांतही वासाचाच गॅस. दोन्ही पद्धती आपापल्या घरी ठीक. पण सीमेवर गॅस उलटा वळवायचा म्हटलं की फ्रान्सचा गंधकवाला गॅस जर्मनीच्या बिनवासाच्या पाइपात येणार, आणि त्या पाइपांवर रासायनिक कारखानेही बसलेत.

"गंधक म्हणजे कॅटॅलिस्टचं विष," बाबा म्हणाले. "रिफॉर्मरमध्ये, म्हणजे गॅस फोडायच्या भट्टीत, क्रिया वेगानं घडवणारं निकेल असतं, ते मरतं. आमच्याकडे गॅस आत घ्यायच्या आधी त्यातलं गंधक काढायला वेगळं भांडं होतं. थोडं जरी सुटलं तरी साहेब खाली येऊन उभे राहायचे."

मी दुपारभर शोधलं आणि म्हातारा बरोबर निघाला. या सीमेवर गॅस उलटा न्यायची खरी अडचण इतकी वर्षं हीच होती. पाइप होता, गॅस होता, दोन देशांची गळाभेट तर दर वर्षी होतच होती. वास जुळत नव्हता.

थोडं मागे जाते. आमच्या सारलांड राज्याच्या टोकाला मेडेल्सहाइम नावाचं खेडं आहे. पलीकडे, फ्रान्सच्या हद्दीत, ओबेरगाइलबाख. बव्हेरियात चेक सीमेवरच्या वाइडहाउसपासून एक मोठी पाइपलाइन निघते ती सगळी दक्षिण जर्मनी ओलांडून मेडेल्सहाइमला संपते. तिचं मूळ काम रशियाचा गॅस फ्रान्सला पोचवणं. रशिया-युक्रेन युद्ध पेटलं, रशियाचा गॅस आटत गेला, आणि २०२२ च्या जूनच्या मध्यावर ओबेरगाइलबाखला जर्मनीकडून येणारा गॅस थांबला. समुद्राखालून रशियाचा गॅस थेट जर्मनीत आणणारी नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइन ऑगस्टअखेर बंद झाली ती पुन्हा सुरू झालीच नाही, आणि २६ सप्टेंबरला समुद्राखाली तिच्यावर स्फोट झाले. संकटाआधी जर्मनी निम्म्याहून जास्त गॅस रशियाकडून घेत होती. स्वतःच्या किनाऱ्यावर द्रवरूप गॅसचं जहाज रिकामं करायची सोयही तिच्याकडे नव्हती, ती आली डिसेंबरात, विल्हेल्म्सहाफेनला. एवढा श्रीमंत देश आणि एवढी साधी तजवीज नाही! बाबांना हे आजही पटत नाही. "एकाच मोठ्या पाइपवर, एकाच हेडरवर सगळा प्लांट?" असं दर दोन महिन्यांनी विचारतात.

५ सप्टेंबरला फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ आणि जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर शोल्झ यांनी ठरवलं, की फ्रान्स गॅस देईल आणि जर्मनी वीज. विजेची गरज फ्रान्सलाही होती. त्यांच्या ५६ अणुभट्ट्यांपैकी निम्म्याहून जास्त त्या वेळी बंद होत्या, काही देखभालीसाठी, काही पाइपांत तडे सापडले म्हणून. चाळीसेक वर्षांत पहिल्यांदा फ्रान्सनं त्या वर्षी विकली त्यापेक्षा जास्त वीज विकत घेतली. म्हणजे दोन्ही घरांत काही ना काही संपलेलं होतं. १३ ऑक्टोबरला व्हॉल्व्ह उघडले. जर्मनीनं वासासकट गॅस घेतला. सुरुवात दिवसाला ३१ गिगावॅट-तासांनी झाली (एक गिगावॅट-तास म्हणजे दहा लाख युनिट), कमाल मर्यादा १०० ची.

३१ म्हणजे किती? बाबांनी वहीवर हिशोब मांडला. "तुझं घर थंडीत दिवसाला किती जाळतं?" मी मीटर बघून सांगितलं, ६० ते ६५ युनिट. "म्हणजे पाच लाख घरं." पुढच्या क्षणी स्वतःच म्हणाले, "पण देशाच्या मानानं काहीच नाही." खरंच नव्हतं. पूर्ण क्षमतेनं आला तरी तो जर्मनीच्या गरजेच्या दोनेक टक्केच होता. इथल्या बातम्यांत मात्र दोन दिवस दोन्ही झेंडे फडकत होते.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी ऐंशीच्या आहेत. त्यांना या कौतुकाची गंमत वाटत होती. सारलांड दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या छत्राखाली होतं, १९५७ ला जर्मनीत आलं, तरी फ्रँक चालायचे ते १९५९ च्या जुलैपर्यंत. आजींनी शाळेत असताना पाव फ्रँकमध्ये विकत घेतलाय, घर न बदलता. त्यांचे वडील आणि नवरा दोघे कोळशाच्या खाणीत. इथली शेवटची खाण २०१२ ला बंद झाली. त्या हिवाळ्यात आजींनी तळघरातली जुनी लोखंडी शेगडी साफ करून घेतली आणि लाकडं मागवली, तर लाकडंही मिळेनात. सगळ्यांना एकदमच शेगडी आठवली होती. त्या मला म्हणाल्या, "आमचा कोळसा न्यायला फ्रेंच यायचे, आता गॅस द्यायला येतायत. येणं-जाणं तेच."

आमच्या घरी काय झालं, तर गॅसचा महिन्याचा हप्ता ९० युरोंवरून २४० वर गेला. कंपनीचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं आणि ठरवून चुकीचं ठरवलं. फोन लावला, पाऊण तास संगीत ऐकलं. पत्र बरोबर होतं. डिसेंबरचा हप्ता सरकारनं भरला, पुढच्या वर्षी दरावर मर्यादा घातली, तेव्हा जीव जरा भांड्यात पडला. सरकारी इमारतींत १९ अंशांच्या वर तापवायचं नाही असा नियम होता. माझं ऑफिस त्यातलंच, त्यामुळे आईनं कधीकाळी दिलेली सोलापुरी चादर खुर्चीवर गेली आणि चार हिवाळे झाले, अजून तिथेच आहे. हात धुवायला गरम पाणीही बंद.

त्याच दिवसांत मी युरोपचा गॅसपुरवठ्याबद्दलचा २०१७ चा कायदा वाचायला घेतला. रात्री झोप येत नसली की असं काहीतरी वाचावं. त्यातलं एक कलम मला फार आवडलं. एखाद्या देशात घरं आणि दवाखाने यांनाही गॅस पुरेनासा झाला, तर शेजारी देशानं तो द्यायचा, त्यासाठी वेळ पडली तर आपले कारखाने बंद ठेवायचे. पण मागणाऱ्यानं आधी स्वतःचे सगळे उपाय करून झालेले हवेत. आणि फुकट नाही. घेतलेल्या गॅसचे पैसे द्यायचे, शिवाय शेजाऱ्याच्या बंद पडलेल्या कारखान्याची भरपाईही.

काहींना हे हिशोबी वाटतं. मला नाही वाटत. अलिबागला सिलिंडर संपला आणि नंबर लागायला आठ दिवस असले, की समोरच्या काकूंचा भरलेला सिलिंडर यायचा. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायची, 'काकू १'. आमचा आला की तो सीलबंदच्या सीलबंद त्यांच्याकडे. तीस वर्षांत एकदाही भांडण नाही, आणि ते त्या चौकोनामुळे नाही असं कुणी मला सांगू नये. (एकदा काकूंनी शब्दानं न विचारता नुसती कॅलेंडरकडे नजर टाकली होती. आई दोन दिवस धुसफुसत होती.)

युरोपनं कलम केलं, पण चौकोन भरले नाहीत. कायद्यानं शेजाऱ्यांनी आपसांत करार करायचे होते. २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत सगळ्या युरोपीय युनियनमध्ये मिळून फक्त सहा करार झाले होते. पहिला जर्मनी आणि डेन्मार्कचा, २०२० च्या डिसेंबरातला. मग जर्मनी-ऑस्ट्रिया. बाकी एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया, फिनलंड यांनी एकमेकांशी केलेले, आणि इटली-स्लोव्हेनिया. ज्यांनी मार खाल्लेला असतो ते लवकर शहाणे होतात म्हणावं, तर बल्गेरिया या यादीत नव्हता. २००९ च्या जानेवारीत रशिया-युक्रेनच्या भांडणात त्याचा गॅस दोन आठवडे बंद होता, ऐन थंडीत. पश्चिमेकडे गॅस होता, पण पाइप एकाच दिशेनं चालायचे. त्यानंतर २०१० ला युरोपनं नियम केला, की सीमेवरचे पाइप दोन्ही दिशांनी चालले पाहिजेत. २०२२ च्या एप्रिलमध्ये रशियानं पोलंड आणि बल्गेरियाचा गॅस एकाच दिवशी तोडला, तेव्हा पोलंडला जर्मनीकडून आणि बल्गेरियाला ग्रीसकडून मिळू शकला, त्यामागे ती तेरा वर्षांपूर्वीची थंडी आहे. ग्रीस-बल्गेरियाची नवी पाइपलाइन त्याच ऑक्टोबरात सुरू झाली. तिच्यावर दोन दिवस झेंडे कुणी फडकवले नाहीत, निदान इथल्या टीव्हीवर तरी.

आता जर्मनीबद्दल थोडं वाईट बोलते, खाल्ल्या मिठाला जागून. त्या उन्हाळ्यात जर्मनीनं साठे भरायला मिळेल त्या भावानं गॅस उचलला. ऑगस्टमध्ये बाजारभाव ३०० युरोंच्या वर गेला होता, एका मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटला. नोव्हेंबरच्या मध्यावर साठे शंभर टक्के भरले, हिवाळा सौम्य निघाला, आणि मग तो महागात घेतलेला गॅस स्वस्तात विकावा लागला. असा तोटा भरून काढायला त्याच ऑक्टोबरपासून गॅसवर साठवणुकीची पट्टी बसवली होती, ती पुढे वाढवली. आमच्या बिलात ती आली, त्याबद्दल तक्रार नाही. पण जर्मनीतून ऑस्ट्रिया, चेक, स्लोव्हाकियाकडे जाणाऱ्या गॅसवरही ती लावली. रशियापासून सुटायला जे शेजारी आमच्या पाइपांवर आले, त्यांच्याकडूनच टोल! ते ओरडले, युरोपीय आयोगानं डोळे वटारले, तरी सीमेवरची पट्टी गेली ती थेट १ जानेवारी २०२५ ला. योगायोग असा की त्याच दिवशी युक्रेनमधून येणारा रशियाचा गॅस बंद झाला.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे काकूंना सिलिंडर दिला आणि वर जिन्याचं भाडं मागितलं."

गेल्या वसंतात मी सायकलनं मेडेल्सहाइमला जाऊन आले. बाबांनीच पिच्छा पुरवला होता. शनिवार होता, व्हिडिओ कॉल लावला. दाखवण्यासारखं तसं काही नव्हतं. उताराचं शेत, कडेला सफरचंदाची झाडं, आणि गवतात माणसाच्या कमरेएवढा पिवळा खांब, त्यावर आकड्यांची पाटी. थोड्या अंतरावर दुसरा. गॅसची पाइपलाइन जमिनीखाली कुठे आहे ते कळावं म्हणून ते लावतात. फ्रान्सच्या हद्दीत गेले तर तिथेही पिवळेच. बाबांनी पाटी जवळून दाखवायला लावली, चष्मा बदलला, आकडे मोठ्यानं वाचले, वहीत लिहून घेतले. त्यांचं काय करणार आहेत ते मी विचारलं नाही.

"फ्लो आत्ता कुठल्या बाजूला आहे?"

"मला काय माहीत बाबा? शेत आहे हे."

"आवाज येतो का काही?"

"ट्रॅक्टरचा."

"आणि वास?"

शेतकऱ्यानं सकाळीच जमिनीवर शेणाचं पाणी मारलं होतं. मी नाकाला ओढणी लावून उभी होते.

"येतोय," मी म्हटलं. "शेणाचा."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले. "पाइप चांगला आहे."