महानगर वाहतुकीच्या मंडळात तालुक्यांची खुर्ची

नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा शहराची वेस ओलांडून जातो आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केलेल्या या ४३.८ किलोमीटरच्या टप्प्यात ३२ स्थानके आहेत आणि चारही मार्ग बाहेर धावतात : मिहानहून बुटीबोरीकडे, ऑटोमोटिव्ह चौकातून कामठीमार्गे कन्हान नदीपर्यंत, लोकमान्यनगरहून हिंगण्याकडे आणि प्रजापतीनगरहून कापसीच्या ट्रान्सपोर्टनगरकडे. या वाटेवर नगरपरिषदा आहेत, ग्रामपंचायती आहेत, कामठीत लष्करी छावणीही आहे. ही मेट्रो चालवणारी महामेट्रो मात्र केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या मालकीची कंपनी असून तिचे संचालक नेमले जातात, निवडून येत नाहीत.

सध्या संध्याकाळी ऑटोमोटिव्ह चौकाच्या स्थानकाचा जिना उतरला की खाली ऑटोवाले "कामठी, कामठी, एक सवारी" असे ओरडत उभे असतात. ती एक सवारी मिळेपर्यंत आत बसलेल्यांनी मांडीवर पिशव्या घेऊन थांबायचे, आणि ज्याला कन्हानला जायचे आहे त्याने कामठीत उतरून पुन्हा तोच खेळ मांडायचा. याबद्दल जाब विचारायचा तर कोणाला? शहर बस महापालिकेची, एसटी राज्याच्या महामंडळाची, ऑटोचे परवाने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचे, आणि मेट्रो त्या कंपनीची.

या सगळ्यांना एका छताखाली आणणारे एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरण दहा लाखांवरील शहरांसाठी असावे, असे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच सुचवले होते, आणि २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर केंद्राच्या मदतीसाठी ती अटच घातली. असे प्राधिकरण नागपुरात पूर्ण अधिकारांनिशी कामाला लागेल तेव्हा त्याच्या मंडळावर सचिव आणि आयुक्त असणार, याविषयी मला शंका नाही. माझा आग्रह एवढाच आहे की महानगर प्रदेशात येणाऱ्या नऊ तालुक्यांतील निवडून आलेल्या स्थानिक संस्थांनाही त्यात मतासह जागा असावी.

शिकागोचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथले सहा काउंट्यांचे प्रादेशिक वाहतूक प्राधिकरण १९७४ मध्ये जनमत घेऊन स्थापन झाले. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण निवडून आलेले मंडळ आणि स्वतःचे कर असलेला. २००८ पर्यंत प्राधिकरणाच्या मंडळात १३ सदस्य होते आणि शिकागो जिथे आहे ती कूक काउंटी सोडून बाहेरच्या पाच काउंट्यांपैकी प्रत्येकीला स्वतंत्र जागा नव्हती. त्या वर्षीच्या सुधारणेने मंडळ १६ जणांचे झाले आणि पाचही काउंट्यांना एकेक सदस्य मिळाला. डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने आता त्याची जागा नवे प्राधिकरण घेते आहे. त्याच्या २० जागांपैकी पाच जागा राज्याचे गव्हर्नर, पाच शिकागोचे महापौर, पाच कूक काउंटीचे प्रमुख आणि पाच बाहेरच्या काउंट्या भरणार आहेत. म्हणजे मंडळ वाढले, पण बाहेरच्या काउंट्या होत्या तिथेच राहिल्या. १६ पैकी पाच होत्या, त्या २० पैकी पाच झाल्या. मंडळाचा विस्तार झाला एवढे ऐकून आपल्याकडेही कोणी टाळ्या वाजवू नयेत. नव्या खुर्च्या कोणाकडे गेल्या, ते आधी पाहावे.

आपल्याकडे जागावाटपाचे सूत्र नव्याने शोधावे लागत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेला २४३ झेडई हा अनुच्छेद महानगर नियोजन समितीविषयी सांगतो की तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातूनच, लोकसंख्येच्या प्रमाणात निवडावेत. वाहतुकीच्या मंडळालाही हेच लावता येईल. अडचण अशी की २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याच्या साडेशेहेचाळीस लाखांपैकी चोवीस लाखांवर लोक एकट्या नागपूर महापालिकेच्या हद्दीत होते, त्यामुळे निव्वळ डोकी मोजली तर शहराचेच पारडे कायम जड राहील. म्हणून शहराबाहेरचा मार्ग बंद करणे किंवा तिथले भाडे वाढवणे यासाठी तालुक्यांच्या सदस्यांपैकी निम्म्यांची तरी संमती लागेल, अशी तरतूद हवी. नऊपैकी एक असलेल्या कुही तालुक्यात मेट्रो जाणार नाही, मग त्याला जागा कशाला, असे कोणी म्हणेल. पण कुहीच्या माणसाला एसटीतून उतरल्यावर पुढची गाडी वेळेवर हवी असते आणि ते वेळापत्रक याच मंडळाने जुळवायचे आहे.

पैशाचा प्रश्न टाळता येणार नाही. अमेरिकेतल्या अटलांटाच्या वाहतूक प्राधिकरणात क्लेटन काउंटी २०१४ मध्ये आली, ती मतदारांनी एक टक्का विक्रीकर मान्य केल्यावर. मंडळात दोन जागा मिळाल्या त्याही त्यानंतर. आपल्याकडे नागपूरसह काही शहरांत एप्रिल २०२२ पासून दस्तनोंदणीवर एक टक्का मेट्रो अधिभार आहे. तालुक्यांना मत हवे असेल, तर मेट्रो स्थानकापर्यंत ने-आण करणाऱ्या फीडर बसच्या तोट्याचा काही वाटा उचलण्याची तयारीही दाखवावी लागेल. हे आमच्या ग्रामीण पुढाऱ्यांना रुचणार नाही, पण फुकटच्या खुर्चीला बैठकीत फारसे कोणी विचारत नाही.

राहिला प्रश्न निवडणुका न झाल्या तर काय, याचा. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर नागपूर महापालिकेवर कित्येक वर्षे प्रशासक होते, आणि राज्यातील अनेक नगरपरिषदांचीही तीच गत झाली. अशा काळात लोकप्रतिनिधीची जागा गुपचूप अधिकाऱ्याकडे जाते आणि मंडळात एक सरकारी मत वाढते. ती जागा प्रशासकाला मिळू नये आणि तोवर त्या तालुक्याच्या हद्दीतील मार्गबदलाचे निर्णय थांबवावेत, असे कलम कायद्यातच असावे. कलम कडक आहे खरे, पण निवडणुका लांबवणाऱ्यांना झळ लागेल अशी दुसरी तरतूद मला तरी सुचत नाही.