तुम्ही विचारलंत म्हणून: एमआरआय लगेच का करत नाही?

"मेंदूचाच प्रश्न आहे, तर एमआरआय लगेच का करत नाही, डॉक्टर?" मुलांच्या तातडीच्या विभागात हा प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो, आणि माझे उत्तरही ठरलेले असते. सीटी स्कॅन काही सेकंदांत होतो. नेहमीच्या एमआरआयसाठी अर्धा-पाऊण तास निश्चल राहावे लागते, म्हणून लहान मुलांना बहुधा भूल द्यावी लागते, आणि मेंदूवरचा दाब वाढलेल्या मुलाचा श्वास भुलेखाली मंदावला तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढून तो दाब आणखी चढतो. हे उत्तर खोटे नाही. डोक्याला मार लागला असेल, तर मी आजही बहुतेक वेळा आधी सीटीच सांगेन.

तरीही ते देताना एक नऊ वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे येते. आकडी येऊन गेल्यावर तिचा उजवा हात लुळा पडला होता. मी दिलेले पेन तिच्या बोटांतून दोनदा निसटले. तिसऱ्यांदा तिने ते डाव्या हाताने उचलून मला परत दिले. सीटी नॉर्मल आला. आकडीनंतर काही तास अशी दुर्बलता राहू शकते, ती ओसरेल, असे मी तिच्या आईला सांगितले आणि एमआरआय सकाळी, भूलतज्ज्ञ आल्यावर, असा ठेवला. सकाळी एमआरआयच्या डिफ्यूजन प्रतिमेत, म्हणजे रक्तपुरवठा तुटलेला भाग लवकर दाखवणाऱ्या प्रतिमेत, मेंदूच्या डाव्या बाजूचा मोठा भाग पांढरा उजळलेला दिसला. स्ट्रोक होता, म्हणजे मेंदूच्या त्या भागाचा रक्तपुरवठा अडला होता. पहिल्या काही तासांत स्ट्रोक सीटीवर दिसेलच असे नाही, हे मला ठाऊक नव्हते असेही नाही.

मला टोचते ते वेगळेच. डिफ्यूजनचा तेवढा भाग दोन-तीन मिनिटांत होतो. मुलगी शुद्धीवर होती, सांगितलेले तिला सगळे कळत होते, आणि "न हलता पडून राहशील का?" हे मी तिला विचारलेच नाही. सकाळी भूलतज्ज्ञांनी विचारले. आईने तिच्या केसांतल्या पिना काढून बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवल्या, आत तिचे पाऊल धरले, आणि पूर्ण तपासणी भुलेविना झाली.

रात्रीच कळले असते तर हात पूर्ववत झाला असता का? गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा मुलांमधील पुरावा प्रौढांइतका भक्कम नाही, असे मी स्वतःला समजावते. पण रक्तदाब, साखर आणि ताप सांभाळणे, कारण शोधणे, हे तरी रात्रीच सुरू झाले असते. आता मी मुलांना आधी विचारते. मात्र एखादे मूल "हो" म्हणून आत जाते, यंत्राच्या पहिल्या आवाजाला घाबरून उठते आणि सीटीला उशीर होतो, तेव्हा या वेळी तरी माझे बरोबर होते का, हे मला सांगता येत नाही.