कोपऱ्यातला रिकामा चौकोन

सलग तिसऱ्या दिवशी भाऊंचं ताट जसंच्या तसं परत आलं, तेव्हा स्वयंपाकघरातल्या मावशींनी मला हाक मारली. नोंदवहीत आदल्या दोन दिवसांची एकच ओळ होती, 'खाने से मना किया. व्यवहार समस्या.' दोन्ही दिवसांखाली माझी सही.

इंदूरला प्रौढ दिव्यांगांच्या एका डे-केअर केंद्रात मी बारा वर्षं काम करते आहे. भाऊंचं नाव लिहीत नाही. रामबागेतल्या त्यांच्या घरी आणि आमच्याकडेही सगळे त्यांना भाऊच म्हणतात. वय 41. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं, त्यातही हात, पाय, मान आपोआप हलत राहतात तो प्रकार. राग आला, आनंद झाला, काही सांगायची धडपड केली की हालचाली आणखी वाढतात. शब्द उमटत नाहीत, पण कळतं सगळं. आदल्या रात्रीच्या मॅचचा स्कोर कुणी चुकीचा सांगितला तर केवढ्यांदा ओरडतात!

त्यांच्या व्हीलचेअरच्या ट्रेवर चित्रांचा बोर्ड असतो. त्यावर 24 चौकोन. पानी, बाथरूम, पंखा, दर्द, टीव्ही, घर, पहिल्या चौकोनात 'हाँ'. उजव्या हाताच्या बोटाचं पेर टेकवून ते दाखवतात. तो बोर्ड मीच केला होता, स्टाफ हिंदी बोलणारा म्हणून हिंदीत. 23 चौकोनांनंतर चित्रं संपली, म्हणून शेवटचा कोरा राहिला.

त्या दुपारी ताट घेऊन मी स्वतः त्यांच्यासमोर बसले. चमचा पुढे केला. मान उजवीकडे गेली, डावीकडे गेली, खांदा आखडला आणि हात घसरत जाऊन बोर्डच्या खालच्या कोपऱ्यात थांबला. कोऱ्या चौकोनावर. "मॅडम, हाथ फिसल जाता है इनका," शेजारचा मदतनीस मुलगा म्हणाला. मीही तसंच समजत आले होते. पण पुन्हा चमचा, पुन्हा तोच कोपरा. चौथ्यांदा तेच झालं तेव्हा मी बोर्ड काढून खिडकीशी नेला आणि उजेडात तिरपा धरला. 'पानी'वर पेराचे बारीक ओरखडे होते, 'बाथरूम'वर होते. त्या कोऱ्या चौकोनावरचं लॅमिनेशन मात्र घासून पार पांढरं पडलं होतं, एका टोकाला सुटूनही आलं होतं. हे एका दिवसाचं काम नव्हतं.

बोर्डवर 'हाँ' होतं, 'नहीं' कुठेच नव्हतं. मान हलवतात की, असं तेव्हा मला वाटलं होतं. ज्या माणसाची मान त्याच्या हुकमात नाही, त्याचा नकार मी मानेवर सोडला होता.

मी एक चिठ्ठी घेतली. आईंनी त्यांना लहानपणी घरीच अक्षरओळख करून दिली आहे, म्हणून मराठीत मोठ्या अक्षरांत 'नको' लिहिलं आणि त्या चौकोनावर चिकटवलं. ते बघत राहिले. मग सगळं अंग ताणलं गेलं, घशातून मोठा आवाज आला आणि पेर त्या चिठ्ठीवर आपटलं. दोनदा.

पण काय नको, ते अजून कळत नव्हतं. काकूंना, म्हणजे भाऊंच्या आईंना, फोन केला. त्या ई-रिक्षा करून अर्ध्या तासात आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई. ताटावरचं झाकण उचललं आणि माझ्याकडेच बघत राहिल्या. "अगं, वरण, भात, भाजी सगळं एकत्र फिरवलंय? घरी मीही बारीकच करते, पण वरण वेगळं, भाजी वेगळी, चटणी नखभर बाजूला. त्याला कळायला नको, काय खातोय ते?"

तीन वर्षांपूर्वी भाऊंना जोराचा ठसका लागला होता, जीव घाबरा झाला होता. स्पीच थेरपिस्टनी तेव्हा लिहून दिलं की अन्न मऊ आणि ओलसर असावं, घास लहान, बसणं सरळ, हनुवटी किंचित खाली. पूर्वी आमच्याकडेही प्रत्येक पदार्थ वेगळा कुस्करत असत. तीन दिवसांपूर्वी कामाचा माणूस रजेवर गेला आणि सगळं एकाच भांड्यात मिक्सरला लागलं. सल्ल्यातला 'मऊ' तेवढा पाळला गेला. आमच्या प्रशिक्षणात 'माणसासाठी महत्त्वाचं' (तब्येत, सुरक्षितता) आणि 'माणसाला महत्त्वाचं' (त्याची स्वतःची आवड, इच्छा) यांतला फरक शिकवतात. अमेरिकेतल्या मायकेल स्मल यांची ही मांडणी. मी स्वतः तो नवीन मुलांना फळ्यावर लिहून दाखवलेला आहे.

भाऊंना विचारलं, "सगळं एकत्र केलं म्हणून?" 'हाँ.' मावशींनी तीन वाट्या वेगळ्या करून आणल्या. काकूंनी भरवलं आणि वाट्या चाटूनपुसून स्वच्छ झाल्या. "अच्छा बेटा," तो मुलगा कौतुकानं म्हणाला. मी त्याला बाहेर नेऊन सांगितलं की हे तुझ्या दुप्पट वयाचे आहेत, 'आप' म्हण. सांगताना आठवलं, भरवताना माझ्याही तोंडून 'तू खा' निघतंच.

त्याच आठवड्यात त्यांच्या वार्षिक आराखड्याची बैठक होती. यंदा ती बोर्ड समोर ठेवून केली. पाच उद्दिष्टं मी एकेक वाचली. कागदी लिफाफे चिकटवणं: नको. सहा वर्षं आम्ही त्यांना त्या टेबलाशी बसवत होतो! गाण्याचा तास: नको. व्यायाम: बराच वेळ काही नाही, मग 'हाँ'. भाऊंचे धाकटे भाऊ पुण्याहून फोनवर होते. ते म्हणाले, "ताई, त्याला कशाला त्रास? मी कायदेशीर पालक व्हायचा अर्ज करतोच आहे, सही मी करेन." प्रेमानंच बोलत होते. मी त्यांना 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 14 वाचून दाखवलं. त्यातलं मर्यादित पालकत्व म्हणजे दोघांनी परस्पर विश्वासानं मिळून घ्यायचा निर्णय, ठरावीक बाबीपुरता, ठरावीक काळापुरता, आणि तोही दिव्यांग व्यक्तीच्या इच्छेला धरून. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं, मग त्यालाच विचारा, मी दिवाळीला येऊ का?" पेर 'हाँ'वर इतक्या जोरात आपटलं की ट्रेवरचा पेला पडला.

पाचातली तीन उद्दिष्टं खोडली गेली. त्यांच्या जागी काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. आता आमच्याकडच्या बाकी बोर्डांवर 'नहीं' आणि 'नहीं चाहिए' आलं आहे, दोन्ही वेगळे चौकोन. भाऊंच्या बोर्डवर 'नाही' नवीन घातलं आणि ती चिठ्ठी काढून 'नको' नीट छापून घेतलं, त्याच कोपऱ्यात.

काकूंनी घरासाठी एक प्रत मागून नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच त्यांचा फोन आला. "पहिला नको मलाच सांगितला गं," त्या म्हणाल्या. "आंघोळीला. एक्केचाळीस वर्षं मी सहा वाजता उठवून घालतेय."

आता ते साडेसातला आंघोळ करतात आणि केंद्रात अर्धा तास उशिरा येतात.